मागच्या बॅटरीची पूजा

माझी बायको कुंदा ऑक्सिजनच्या मशीनवर होती आणि तिला मालवणचं घर एकदा बघायचं होतं. म्हणून आमच्या सुबोधने टेम्पोत पलंग टाकला, मशीनसाठी मागे वेगळी बॅटरी बसवली. पण चारकोपला त्याच्या गॅरेजच्या गाळ्यासमोर मशीन लावून बघितलं की टेम्पोतले दिवे मंदावायचे आणि मशीन बंद पडायचं.

मीटर लावला तर बॅटरी भरलेली होती. एकेक वायर तपासत सुबोध बॅटरीची वायर टेम्पोच्या पत्र्याला जोडणाऱ्या अर्थिंगच्या बोल्टपाशी पोचला. त्यावर हिरवा थर चढला होता, थरात कुंकू.

"आई, इथे काय ओतलंस?"

"नारळाचा पाणी. लोक बोनेट पूजतत. माझो जीव मागच्या बॅटरीत ना रे?"

"वाट लावलीस गं!" तो हसला. मला हसू आलं नाही, रडूही आलं नाही.

त्याने बोल्ट पॉलिश पेपरने घासून परत आवळला. मशीन लावलं, दिवे हलले नाहीत.

"मालवणपर्यंत आरामात चालेल," तो म्हणाला. "येताना मात्र चार्ज करावी लागेल."

"येताना कित्याक? माका थंयच रवाचा आसा," कुंदा म्हणाली.

सुबोध पान्हे पुसत राहिला. मी तिची पिशवी उचलून आत ठेवली.