समोर बसलेला मुखिया

मित्रांनो, मी समुद्रापारच्या झावाला मुलुखातलं एक जुनं वाद्य, तिंबिला. लाकडाच्या पट्ट्या, प्रत्येकीखाली मेणाने चिकटवलेला रानभोपळा आणि वर दोन काठ्यांचा मार, एवढाच माझा संसार. मला माहुमाने नावाच्या गवयाने घडवलं.

आमच्याकडे आधी शब्द जुळतात, मग बोलण्याच्या चढउतारावर चाल बसते. आणखी एक रीत आहे. मुखियाला चावडीवर बोललात तर दंड; गाण्यात बोललात तर त्याने समोर बसून मुकाट ऐकायचं. असं का, याचं मला भारी कुतूहल.

ते पोर्तुगीजांचे दिवस. उसाच्या मळ्यावर सक्तीने माणसं धाडत आणि ती मुखियाने निवडायची. मुखिया झुंगुझाने आपले दोन धडधाकट पुतणे झाकून ठेवले आणि विधवा सेलेस्तेचा एकुलता एक ज्वाकिम निवडला. ती चावडीवर बोलली, तर तिलाच कोंबडीचा दंड.

ती माहुमानेच्या अंगणात आली. "दादा, माझ्या बोलण्याला दंड आहे. तू गा."

उत्सवात गायच्या गाण्याची तालीम सुरू झाली. पाण्याला जाणाऱ्या बायका कान देऊन ऐकत. मुखियालाही सुगावा लागलाच. उत्सवाच्या सकाळी तो हसत हसत आला.

"पुतण्यांचं कडवं तेवढं गाळ, माहुमाने. गाणं अजून झालेलं नाही, म्हणजे रीतही लागू नाही. नाहीतर ज्वाकिमच्या सोबतीला तू."

माहुमाने भ्यायला. मला त्याचा राग नाही आला.

दुपारी मुखिया समोर बसला. ते कडवं आलं आणि माहुमानेने तोंड मिटलं. हात मात्र थांबले नाहीत. मी एकटीच वाजत राहिले. तेवढ्यात मागून सेलेस्तेचा आवाज आला, मग सगळ्या बायकांचा:

"मुखियाचे पुतणे सावलीत पोसतात,
विधवेचा एकुलता उसात वाळतो."

मुखिया उठू लागला. त्याची म्हातारी आत्या म्हणाली, "बस रे बाबा. अर्ध्या गाण्यातून उठलेला मुखिया अजून तरी मी पाहिला नाही."

तो बसला. गाणं संपल्यावर खाली बघत म्हणाला, "सेलेस्ते, पोराला घरी ठेव."

मळ्यावर थोरला पुतण्या गेला. माणसं नेणं काही थांबलं नाही, तेही सांगते.

आता मी सरकारी कचेरीच्या ओसरीवर असते. साहेब आले की माझ्यावर स्वागतगीत वाजतं आणि ते संपायच्या आत साहेब आत जातात. माझं मेण सुकलंय, दोन भोपळे तडकलेत. मित्रांनो, डागडुजी केलीत तर उपकार होतील. पण नंतर एकदा साहेबांना समोर बसवा, आणि मागे उभ्या असलेल्या बायकांना त्यांचं स्वतःचं कडवं विचारा.