देवीचं मौन

नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात पद्धत नाही, पण लिहायला कोण अडवतंय? ह्यांचं नाव काशिराम. पनवेलच्या खाडीकाठी आमचं मिठागर, आणि घरात काशिराम दोन. एक रात्रंदिवस बडबडणारा. एकाच दिवशी बांध दुरुस्तीला काढायचा, होडी रंगवायला घ्यायचा आणि वर गावजेवणाचं आमंत्रण देऊन यायचा. दुसरा महिना महिना भिंतीकडे तोंड करून पडायचा, त्याला भाकरीचा तुकडा मोडणंसुद्धा जड जायचं. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं, हे दोन आजार नव्हेत, एकाच आजाराची दोन टोकं आहेत. झोपेच्या गोळ्या दिल्या. पहिला काशिराम त्या थुंकून टाकायचा.

गावाला मात्र हाच पहिला काशिराम फार प्यारा. डोळे चमकतायत, झोप नाही, बोलणं थांबत नाही, म्हणजे देवीच आली अंगात! लोक नारळ घेऊन विचारायला यायचे. म्हैस कुठे गेली? पोरीचं लग्न कधी जमेल? ह्यांनी उत्तर द्यायचं, लोकांनी माना डोलवायच्या, की हे आणखी चढायचे. पुढे खाली आले की तेच लोक ह्यांना आळशी म्हणायचे.

मी काही गप्प बसणारी बाई नाही. चढले की भांडून उतरवायला बघायची, पडले की भांडून उठवायला. एवढी भांडले, पण एकदासुद्धा गुण आला नाही.

माझे मोठे दीर भगवान पनवेलात भाताच्या गिरणीवर मुकादम होते. अब्रूला जपणारा माणूस. एकदा हे त्यांच्या गिरणीसमोर उभे राहून तासभर भाषण देत बसले, तेव्हा भाऊजींनी मला बजावलं, "मैना, आता बस झालं. परत ह्याचं डोकं फिरलं तर मी ह्याला येड्यांच्या इस्पितळात टाकून येनार." आमच्या गावातून तिथे गेलेला एकजण होता, तो परत आला नव्हता.

त्यानंतरच्या चढात ह्यांना वाटलं, आपले सगळे दात काढून सोन्याचे बसवावेत. दात कसले, तर सालीसकट ऊस खातील असे! तडक निघाले बाजारात, चिनी दातवाल्याकडे. लिऊ त्याचं नाव. मुंबईहून येऊन पनवेलात दुकान थाटलेला गोलमटोल माणूस. सुक्या बोंबलांवर जीव, आणि पत्त्यांत लबाडी करण्यात पटाईत. मी ओरडत मागोमाग पोचले, तर हा बाबा म्हणतोय, "अच्छा. सब दात सोने का. बहुत अच्छा दिखेगा. पहले माप लेंगे."

मी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. त्याने शांतपणे ह्यांच्या तोंडात मऊ मेण भरलं आणि म्हणाला, "दबा के रखो." कित्येक दिवसांनी माझ्या कानांना विश्रांती मिळाली.

मग साचा वाळायला हवा, उद्या या. उद्या आले की खालच्या दातांचं माप. मग जुन्या कवळीचा तुकडा हातात देऊन मागच्या अंधाऱ्या खोलीत घासत बसवायचं. "आहिस्ता. जोर से टूटेगा." घासता घासता हे बाकड्यावर डुलकी काढायचे. कुणी नाही म्हणतच नव्हतं, त्यामुळे ह्यांना झुंजायला कुणी सापडेना. भाऊजींच्या कानावर जायच्या आत चढ ओसरला, आणि एकही दात न काढता माणूस घरी आला.

मी बोंबलांची जुडी आणि भांडण दोन्ही घेऊन लिऊकडे गेले. "तुमी खोटं बोललात!"

"झूट किधर? मैं बोला हां. निकालने का टाइम नहीं आया, बस."

मग बोंबील हुंगत त्याने त्याच्या मोडक्यातोडक्या बोलीत जे सांगितलं ते असं. त्याचा आजा चीनमध्ये ताओच्या वाटेने, म्हणजे जोर न करता जगाच्या कलाने, चालणारा होता. लिऊ स्वतः कच्चा चेला, त्याला पत्तेही सुटत नव्हते. पण एक गोष्ट त्याने धरून ठेवली होती. चढणाऱ्याला ढकललं की तो आपल्याच जोरावर आणखी चढतो. पडलेल्याला ओढलं की तो आणखी जड होतो. चढ-उतार हा त्या माणसाचा श्वासच आहे, तो बंद करता येत नाही. त्याला जागा द्यावी, फक्त चुलीत सरपण घालू नये.

"म्हणजे मी हातावर हात धरून बसू?"

"वो सबसे मुश्किल काम. तुम्हारे लिए तो बहुत मुश्किल," असं म्हणून तो खो खो हसला.

हे पुढच्या वेळी पडले तेव्हा मी उठा म्हटलं नाही. दातांखाली जीभ धरून शेजारी तांदूळ निवडत बसायची. असे कितीतरी दिवस गेले. एका दुपारी ह्यांनी हात पुढे केला आणि सुपातला एक खडा काढला. मी पाहिलंच नाही असं दाखवलं, पण मनातून नाचले.

दोन वर्षं बरी गेली. मग चैत्रात देवीच्या जत्रेच्या तोंडावर पुन्हा चढ आला. आमची ओटी माणसांनी भरली. हे मधोमध, डोळे लाल, आवाज बसलेला, तरी बोलणं चालूच. तेवढ्यात शेजारची जनी धावत आली. "मैना, भगवान मोटार घेऊन येतोय गो! दोन मानसं हायत संगती, दोर घेऊन!"

पूर्वीची मी असते तर कोयता घेऊन दारात उभी राहिले असते. अंगात देवी नाही म्हटलं असतं तर गाव माझ्यावर तुटून पडलं असतं, हेही उसळले असते, आणि भाऊजींना आयता दंगा सापडला असता. मी ओटीवर आले आणि हात जोडले.

"देवीनं आज मौन धरलंय. बसायचं त्यानी बसावं. पन कोनी काय विचारायचं नाय, कोनी बोलायचं नाय."

देवीचा शब्द कोण मोडणार? सगळी ओटी चिडीचूप झाली. हे दोन वाक्यं बोलले. एकही मान डोलली नाही. थांबले. पुन्हा सुरू झाले, पुन्हा थांबले. प्रश्नच नव्हता, तर उत्तर कुणाला द्यायचं?

भाऊजी अंगणातूनच गरजत आले, "कुठं हाय तो?" सगळ्यांनी तोंडावर बोटं ठेवली. जनीने त्यांचं धोतर ओढलं, "मौन हाय. चपला काढा." भाऊजी गडबडले. चपला काढल्या आणि बसले. जागा उरली होती ती नेमकी ह्यांच्या शेजारी. बापाच्या बाराव्यानंतर दोघे भाऊ असे गुडघ्याला गुडघा लावून बसलेच नव्हते.

ह्यांची नजर अंगणात उभ्या असलेल्या दोरवाल्यांकडे गेली. हे भावाच्या कानाशी वाकले. कुजबुजले, पण त्या शांततेत सगळ्यांना ऐकू गेलं.

"दादा, माझ्या अंगात देवी नाय. कदीच नव्हती. मना नुसती झोप येत नाय रं. भ्या वाटतं."

इतकी वर्षं भाऊजी ह्यांच्यावर रागावले होते, पण तुला काय होतंय असं त्यांनी कधी विचारलं नव्हतं. मग ते म्हणाले, "मैना, ती डाक्टरची गोळी आन." माझ्या हातून दहादा थुंकलेली गोळी ह्यांनी भावाच्या हातून मुकाट्याने गिळली. भाऊजींनी ह्यांचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं. लोक एकेक करून उठले, आवाज न करता गेले. दोरवाले मोटारीत बसून परत गेले.

तो आजार काही गेला नाही. अजून येतो, पण आता हे स्वतःच सांगतात, मैना, चढतंय. मी लिऊची ऋणी आहे, आणि एका शब्दावर गप्प बसलेल्या त्या माझ्या भोळ्या गावाचीही. हे उपकार फिटायचे नाहीत, आणि मला ते फेडायचेही नाहीत.

त्या दिवशी उन्हं उतरली तरी हे घोरत होते. मी चहा घेऊन गेले तर भाऊजी तसेच ताठ बसलेले, कपाळावर घाम. मी ह्यांच्या डोक्याखाली उशी सरकवायला वाकले, तर त्यांनी माझा हात अडवला.

"पाय पार मेलाय गो माझा," ते हळूच म्हणाले. "पन ऱ्हाऊ दे."