शिव्या गाळून दिलेला निरोप

आपला ट्रक दुसऱ्याच्या ट्रकमागे साखळीने बांधून येताना दिसला आणि वहिनी हातातलं काम टाकून दारात आली. ट्रक गेला म्हणजे भाकरी गेली, हे तर होतंच. पण पुढचा तमाशा तिला आत्तापासूनच दिसत होता. दोघे भाऊ एकमेकांपासून चार पावलांवर उभे राहणार, आणि बोलणार मात्र तिच्याशी.

झालंही तसंच. थोरला, म्हणजे तिचा नवरा, ट्रक चालवायचा. धाकटा घराला लागून असलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये तोच ट्रक सांभाळायचा. धाकट्याचं काम चोख, त्याबद्दल शत्रूसुद्धा वावगं बोलला नसता. ऑइल वेळेवर बदलणार, फिल्टर वेळेवर बदलणार, जुन्या ऑइलचा थेंब पांढऱ्या कागदावर टाकून डाग कसा पसरतो ते बघत बसणार. पण त्याच्या जिभेला हाड नव्हतं. एकदा सर्व्हिसिंगच्या दिवशीच थोरला माल भरून निघून गेला. परत आला तेव्हा धाकटा सगळ्या हमालांसमोर म्हणाला, "तुझ्या हातात हातगाडीच शोभते." थोरला कसला ऐकून घेतो! "पाना फिरवतोस म्हणून इंजिनाचा बाप झालास का रे?" म्हणाला. झालं. अबोला धरला दोघांनी. थोरला ट्रक शेडमध्ये लावेना, रस्त्यावर लावून किल्ली खिशात घालायचा. धाकट्याचा हात इंजिनाला लागायचा तो फक्त सर्व्हिसिंगच्या दिवशी. मधल्या दिवसांत जे काही सांगायचं, ते वहिनीने सांगायचं.

आणि काय एकेक निरोप! "सांग त्या दीडशहाण्याला," थोरला हात धुता धुता म्हणायचा, आणि मग जे काही बाहेर पडायचं, ते ऐकून भिंतींनीही कान झाकावेत. शेडमधून उलट यायचं ते त्याहून जहाल. पहिले काही दिवस वहिनीने शब्दाला शब्द पोचवला. तेव्हा धाकट्याने पाना फेकून मारला होता, पत्र्याला अजून पोचा आहे. आणखी एक असा निरोप गेला की घराच्या मधोमध भिंत उभी राहणार, ह्याबद्दल तिला शंका उरली नाही. मग ती निरोप गाळायला लागली. शिवी काढायची, टोमणा काढायचा, आणि शेवटी काही उरलंच नाही तर दारातून सांगायचं, "काळजी घ्या म्हणाले."

"काळजी घ्या?" धाकटा भडकायचा. "टोमणा मारतोय मला!"

थोरलाही तसाच. ह्यांना डोक्यात राख घालून घ्यायला प्रेमाचा शब्दही पुरायचा, मेल्यांना!

आता शेडमध्ये धाकट्याने इंजिनाखाली घमेलं ठेवलं, खालचा बोल्ट सोडला आणि खाली बघतच राहिला. काळंभोर ऑइल यायला हवं होतं. घमेल्यात पडत होता दुधाचा चहा. तसाच रंग, वर फेस.

"वहिनी," तो उठून घमेल्याकडे बोट दाखवत म्हणाला, "विचारा त्याला, ऑइलमध्ये पाणी कुणी ओतलं? माझ्यावरचा राग माझ्यावर काढायचा होता, इंजिनावर कशाला?"

"तिला काय विचारतोस?" थोरला गरजला, पण बघत होता बायकोकडेच. "सांग त्याला, भेसळीचं ऑइल ह्यानेच भरलं असणार. वर चढावर गाडी भरलेली, आणि इंजिन खाड्कन जाम! मागे गाड्यांची रांग. मेलो असतो मी आज."

मेलो असतो म्हटल्यावर वहिनीने नवऱ्याला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. निरोप द्यायचं राहूनच गेलं. तसंही दोघांनी एकमेकांचं ऐकलंच होतं.

"सांगा त्याला, बाहेरून पाणी ओतलं नसेल तर हेड गॅस्केट गेलंय," धाकटा म्हणाला. "आतल्या आत रेडिएटरचं पाणी ऑइलमध्ये उतरतंय. पण एका दिवसात नाही होत हे. आधीपासून रेडिएटर रिकामा होत असणार. आणि ऑइल मोजायच्या काडीवर ऑइल कमी व्हायच्या ऐवजी वर चढत असणार. डोळे काय खिशात ठेवले होते?"

"मला दिसत नव्हतं?" थोरल्याचा आवाज फाटला. "रोज सकाळी पाणी ओततोय! दर वेळी सांगितलंय हिला! सांग त्या दीडशहाण्याला म्हटलं, तुझ्या इंजिनाला तहान लागली आहे, तू मेकॅनिक आहेस का पाणक्या? आणि ऑइल खुणेच्या वर चढलंय, ते फुकट येतं का, म्हणून विचारायला सांगितलं होतं!"

धाकट्याने हातातलं फडकं खाली टाकलं.

"मला काळजी घ्या म्हणून सांगितलं," तो म्हणाला. आणि मग कितीतरी महिन्यांनी भावाच्या तोंडाकडे बघून, "दादा, मला ह्यातलं काहीच कळलं नाही रे. पाणी कमी होतंय एवढं कळलं असतं तरी मी गाडी हलू दिली नसती. गॅस्केट बदलून मोकळा झालो असतो."

"आता?"

"आता बेअरिंगं गेली. क्रँक गेला. इंजिन संपलं."

थोरला मटकन टायरवर बसला. धाकटा त्याच्याजवळ जाऊन बसला. मग दोघांनी एकदमच मान वर करून वहिनीकडे बघितलं.

"तुमच्या शिव्या पोचवायला लाज वाटायची मला," ती म्हणाली. "शिव्या काढता काढता कामाचंही गळून गेलं." खरं होतं ते. पाणी आणि ऑइल तिला शिवीचाच भाग वाटले होते.

"शहाणपणा कुणी सांगितला होता?" थोरला ओरडला.

"जसंच्या तसं सांगायचं, एवढं साधं काम," धाकटा म्हणाला. "तेही जमलं नाही."

"दोघांना तोंडं होती की!" वहिनी आता पेटली. "चार पावलं चालायला पाय होते! मला काय टेलिफोन समजलात?"

दोघे इंजिनाकडे वळले आणि हेड उतरवायचं कसं, त्यावर बोलायला लागले. थोरला पाना पुढे करत होता, धाकटा "दादा, तो नको, लांब दांड्याचा दे" म्हणत होता. घर फुटू नये म्हणून वहिनीने जीव आटवला होता. ते काही फुटलं नव्हतं.

ती आत जाऊन ओट्याशी उभी राहिली. दुपारी पानं वाढायची वेळ झाली तेव्हा धाकटा दारात आला. चपला न काढता उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

"वहिनी, दादाने सांगायला सांगितलंय," तो म्हणाला, "की त्या घरबुडवीला सांग, तिच्या हातचं मला नको. तिचं तोंडही बघायचं नाही मला."

एक अक्षर गाळलं नव्हतं त्याने.

"आणि तुम्ही, भावोजी?" तिने विचारलं.

"माझंही तेच," तो म्हणाला आणि भावाकडे गेला.