घोषणा लांबलेली बरी

"बाबा, ऐका, डिस्कची खाचच काढून टाकणार म्हणे!"

मास्तरांनी फोन कान आणि खांद्याच्या मध्ये दाबला आणि हातातली सुरी टेबलावर ठेवली. "कोण म्हणतं?"

"ग्रुपवर एकाने टाकलंय. त्याचा चुलतभाऊ कंपनीत आहे."

"मागच्या वेळी मेहुणा होता ना?"

"तो वेगळा. तो थापाड्या निघाला."

"मग हा चुलतभाऊ खरा कशावरून?"

पलीकडून ठमी खळखळून हसली. मास्तरांना तेवढंच हवं होतं. चुलतभाऊ खरा असो नाहीतर खोटा, त्यांना काय करायचंय? पण त्यांनी आवाज गंभीर केला. "हे बघ, खाच काढली तर लोकांच्या जुन्या डिस्क कुठे जातील? कंपनी एवढी येडी नाही."

"तेच मी म्हणते! पण ग्रुपवर कोणी ऐकेल तर शपथ."

गेम खेळायच्या नव्या कन्सोलची घोषणा होणार होती. कधी होणार, ते कोणालाच माहीत नव्हतं. दिसायला कसा असणार, रंग कोणता, जुने गेम चालणार की नाही, सगळा हवेतला कारभार. आणि या हवेतल्या कारभारावर मास्तर आणि त्यांची लेक गेले कित्येक महिने पोट भरून बोलत होते.

त्याआधी बोलत नव्हते असं नाही. भांडण वगैरे काही नाही. ठमी नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली आणि बोलणं आटलं, एवढंच. ती फोन करायची. मास्तर विचारायचे, "कशी आहेस?" ती म्हणायची, "बरी." मग ती विचारायची, "तुम्ही?" हे म्हणायचे, "आम्हाला काय धाड भरलीय?" त्यानंतर दोघंही आपापल्या टोकाला फोन धरून उभे. शेवटी मास्तर म्हणायचे, "थांब, आईला देतो." आणि सुटल्यासारखे बाहेर जाऊन उभे राहायचे. सुटल्यासारखं वाटायचं, आणि मग वाईटही वाटायचं. पोटच्या पोरीशी बोलायला दोन वाक्यं सुचू नयेत?

मग एक दिवस तिने एक फोटो पाठवला. धुरकट, कोणीतरी चोरून काढल्यासारखा. खाली लिहिलं होतं, "खरा वाटतो का?" मास्तरांनी चष्मा लावून पाहिला, फोन आडवा करून पाहिला आणि लिहिलं, "इस्त्री आहे का?"

तिने लगेच फोन केला. हसून हसून तिला बोलता येईना. ते बोलणं इतकं लांबलं की डब्यातली भाजी गार झाली.

त्या दिवसापासून मास्तर अभ्यासाला लागले. जेवणाच्या सुट्टीत व्हिडिओ बघायचे, लोकांचे वाद वाचायचे, न कळलेले शब्द डोक्यात घोळवायचे. घरी बायको बघत राहायची. "एवढा अभ्यास दहावीला केला असतात तर आज मी मॅनेजरीणबाई असते."

"तुला नाही कळायचं त्यातलं."

"मला नकोच कळायला. माझ्याशी बोलते पाच मिनिटं आणि तुमच्याशी कानाला फोड येईपर्यंत. काय असतं एवढं?"

"मशीन येणारे नवीन."

"मग येऊ दे ना एकदाचं!"

इथेच तर गोम होती. मास्तरांना ते यायला नको होतं. जगात लाखो लोक घोषणेकडे डोळे लावून बसलेले, आणि हा एकटा माणूस मनातल्या मनात म्हणत होता, लांबू दे. एकदा बातमी आली की कन्सोलवाल्या कंपनीच्या कारखान्यात काहीतरी अडलंय, घोषणा पुढे ढकलणार. ठमी चिडली. मास्तरांनी "अरेरे" म्हटलं, फोन ठेवला आणि त्या दुपारी शीळ घालत फोम कापला. घोषणा झाली की तर्क संपले. तर्क संपले की पुन्हा "कशी आहेस", "बरी", "आईला देतो".

मास्तर शाळेतले नव्हेत, कारखान्यातले; त्यांचं काम फोम कापायचं. नाजूक वस्तू खोक्यात हलू नये म्हणून आत जो फोम असतो, त्यात त्या वस्तूच्या आकाराची पोकळी कापावी लागते. तिला कारखान्यात सगळे 'घर' म्हणायचे. मास्तरांनी जन्मभर घरं कापली. त्यात राहायला येणारी वस्तू बहुतेक वेळा बघायलाही मिळत नसे. कागदावर आकृती यायची, एक नंबर यायचा, बस. पहिला नमुना मास्तर हाताने कापायचे, तो पसंत पडला की मग यंत्रावर हजारो निघायचे. आणि नियम एकच, कडक. काय कापलं, कोणासाठी कापलं, ते फाटकाबाहेर न्यायचं नाही. मास्तरांनी बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं. ती एकदा दुकानात नवा मिक्सर बघून हरखली, तर हे शेजारी हात मागे बांधून उभे. त्याचं घर यांनीच कापलं होतं, पण चेहऱ्यावरची रेष हलली नाही.

तर एका सकाळी मॅनेजरने आकृती आणून दिली. "नमुना आहे मास्तर. गिऱ्हाईक कोण ते विचारू नका."

"कधी विचारलंय?"

त्यांनी कापायला घेतलं. लांबट, चपटं, एक कोपरा गोलसर. शेजारी एक लहान घर, दोन फुगवट्यांचं. सुरी फिरता फिरता थांबली. लहान घरात काय बसणार? दोन्ही हातांनी धरायचं काहीतरी. कंट्रोलर! आणि मोठं घर हुबेहूब त्या धुरकट फोटोतल्या इस्त्रीसारखं.

"मास्तर, बरं वाटत नाहीये का?" चिकटूने विचारलं. चिकटू शेजारच्या टेबलावर गोंद लावायचा, आणि माणसालाही तसाच चिकटायचा, म्हणून चिकटू.

"मला काय झालंय?"

"घाम आलाय."

"पंखा लाव मग. तोंडाने वारा घालू नकोस."

नमुना त्यांनी स्वतः नेऊन मॅनेजरच्या हातात दिला. कोणाला काही बोलायचा प्रश्नच नव्हता.

पण त्याच आठवड्यात ठमीचा फोन आला. "बाबा, ठरलं! शुक्रवारी संध्याकाळी! कंपनीने स्वतः सांगितलंय. आता अफवाबिफवा सगळं बंद."

"वा वा," मास्तर म्हणाले.  शुक्रवार. म्हणजे शुक्रवारनंतर काय?

ते फोन घेऊन फोमच्या थप्प्यांच्या मागे गेले. इकडे तिकडे बघितलं. आवाज इतका खाली आणला की तो त्यांचा त्यांनाच ऐकू येईना.

"ठमे, एक सांगतो. कोणाला बोलायचं नाही."

"काय झालं? आई बरी आहे ना?"

"आईला काय होतंय! अगं, मी... त्याचं घर कापलंय. मी. या हातांनी."

मास्तरांनी पुन्हा एकदा मागे वळून पाहिलं.

"चपटा आहे. तुझा फोटो खरा आहे. कंट्रोलरचं घर वेगळं आहे, शेजारी."

"बाबा," ती म्हणाली, "हे तुम्ही मला का सांगताय?"

"असंच. तुला गंमत."

"तुम्ही तर आईलाही कधी..."

"नाही सांगितलं."

 ती नुसतं "बरं" म्हणाली. आवाज लहानपणी झोपेतून उठल्यावर असायचा तसा.

फोन ठेवल्यावर मास्तर भानावर आले. हे काय करून बसलो? पोरगी ग्रुपवाली. तिथे अशी बातमी टाकली की लोक डोक्यावर घेतात. तिने उत्साहात टाकली, कोणी कारखान्यापर्यंत माग काढला, तर? या वयात कोण ठेवणार कामाला? ते सुट्टी झाली की डबा न उघडता फोन उघडायचे. सगळे वाद पालथे घालायचे. कोणी म्हणत होतं गोल आहे, कोणी म्हणत होतं चौकोनी, एकाने तर घडीचा सांगितला. फोम कापणाऱ्या बापाचा उल्लेख कुठेच नाही. जीव भांड्यात पडायचा, आणि संध्याकाळी पुन्हा बाहेर यायचा.

शुक्रवारी मास्तरांनी बायकोच्या फोनवर घोषणेचा कार्यक्रम लावला आणि स्वतःच्या फोनवरून ठमीला फोन लावला. बायको मांडीवर उशी घेऊन शेजारी बसली. "बघू तरी कोण पाहुणा येतोय."

एक गृहस्थ भरपूर बोलला. संगीत वाजलं. पडदा सरकला. आणि कन्सोल दिसला. उभा. गोल. उंच.

"हा तर थर्मास आहे," बायको म्हणाली.

ठमी इतकी हसली की फोन करकरला. "बाबा! तुमचं घर!"

"याला माझ्या घरात कोंबला तर फोम फाटेल," मास्तर म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते.

"मग तुमच्या घरात राहणार कोण?"

"देव जाणे. असेल कोणीतरी."

"अहो, कुठलं घर?" बायकोने विचारलं.

"काही नाही गं." मास्तरांनी फोन तोंडाजवळ घेतला. "ठमे, कुठे टाकलं नाहीस ना ते?"

"वेडे आहात का? जिभेवर आलं होतं, खोटं कशाला बोलू. सगळे शहाणपणा शिकवत होते मला. पण तुमची नोकरी आहे ती, बाबा. आणि मला म्हणून सांगितलंत ना?"

"हं," मास्तर म्हणाले. 

कार्यक्रमाच्या शेवटी त्या गृहस्थाने सांगितलं, डिस्क लागणार नाही. सगळे गेम इंटरनेटवरून उतरवून घ्यायचे.

"चुलतभाऊ खरा निघाला," ठमी म्हणाली.

"निघाला बुवा."

"माझ्या जुन्या मशीनवर तुम्ही गाडी घेऊन भिंतीत घुसायचात, तो डिस्कवाला गेम आता यावर नाही चालायचा."

"भिंत मध्ये यायची. मी सरळच जायचो."

ती हसली. तेही हसले. बायको उशी ठेवून वाळलेले कपडे आणायला गच्चीवर गेली. मग हसू संपलं. कार्यक्रमही संपला होता. विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं. रंग कळला, आकार कळला, सगळं कळलं. मास्तर फोन कानाला लावून उभे राहिले. "थांब, आईला देतो" म्हणायचं तर आई वर.

"बाबा, आहात ना?"

"आहे की."

"काही नाही, मी भांडी घासायला घेतलीत. तुम्हाला काही काम असेल तर करा. फोन असू दे."

"असू दे म्हणतेस?"

"असू दे."

मास्तरांनी फोन ओट्यावर पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला आणि भाजी निवडायला बसले. पलीकडे नळ सुरू झाला. एक ताट दुसऱ्यावर आपटलं. ती काहीतरी गुणगुणत होती, बेसूर, मध्येच शब्द विसरत. इकडे देठ मोडल्याचे आवाज तिला जात असावेत.

बायको कपड्यांचा ढीग घेऊन खाली आली. "कोणाशी बोलताय?"

"कोणाशी नाही."

"मग फोन का चालू आहे?"

"असू दे," मास्तर म्हणाले, आणि पुढची जुडी सोडली.