भागूचं काजळ

"काजळ लावू नगंस!" जानकूने बायकोचा हात धरला.

अंबाबाईच्या बोटावरचं काजळ बोटावरच राहिलं. मांडीवर नात होती, भागू. टकामका बघायच्या वयात पोर आढ्याकडे तोंड करून पडलेली, आणि बुबुळं राखेसारखी पांढुरकी.

"आधी आतनं काळं होऊ दे. माशांचं असंच असतंय."

"माशांचं?" अंबाबाई उसळली. "आवं, पोर हाय ती!"

झालं होतं असं, की एका वर्षी भात झोडून झाल्यावर जानकू आपल्या मढ गावाहून घाट उतरून मुंबईला गेला. तिथे एका साहेबाकडे समुद्राचं पाणी भरायचं काम मिळालं. साहेब काचेच्या भांड्यात माशांची नुकती जन्मलेली पिल्लं ठेवी आणि भिंगातून बघत बसे. एकदा त्याने जानकूलाही दाखवलं. पिल्लाच्या डोळ्यांत रंगच नव्हता! पुढे ते डोळे काळे झाले आणि पिल्लू उजेडाकडे पोहू लागलं. तेव्हापासून हा गडी स्वतःला डोळ्यांतला जाणकार समजत होता.

"बा, जुन्नरच्या डाक्टरला दाखवू," भागूची आई इंद्रायणी रोज म्हणे. जानकूला काही ठरवता येईना. डॉक्टरने नाही म्हटलं तर? खरी भीती तीच होती.

शेवटी गेले. डॉक्टरने पापण्या उघडून पाहिल्या. "जन्मतःच असं आहे. आधी आणली असती तरी उपाय नव्हता."

"पर मासं तर..." जानकू अडखळला. डॉक्टरला काही कळेना आणि जानकूला सांगता येईना.

घरी येऊन तो ओसरीवर बसला. जीव तुटत होता, पण राग कोणाचा धरावा? साहेबाचा? माशांचा? घोंगडीवर पडलेल्या भागूच्या गालाजवळ त्याने उगाच हात नेला, आवाज न करता. पोरीने मान वळवली. त्याने दुसऱ्या बाजूने नेला. तिकडेही वळवली.

त्याला आठवलं, डोळे काळे व्हायच्या आधीही ती माशांची पिल्लं साहेबाची पाणी ओढायची काचेची नळी जवळ आली की बाजूला सरत. पाणी हललेलं अंगाला कळतं, असं साहेब सांगायचा. तेव्हा जानकूने ते कानाआड केलं होतं.

"हिला कळतंय गं," तो अंबाबाईला म्हणाला. "दिसत न्हाई, पर कळतंय. कसं, ते मला ठावं न्हाई." मग जरा वेळाने, "काजळ आण."

"आता कशापायी?"

"समद्या पोरींला लावत्यात न्हवं?"

अंबाबाईने आपले डोळे पुसले आणि बोट काजळात बुडवलं. बोट अजून टेकलंही नव्हतं, तोच भागूने तोंड वर केलं आणि ती निश्चल राहिली.