नेपतीवरच्या अळ्या

चकलांब्याच्या माळाला लागून मोहनरावांचं कापसाचं रान आहे. त्याच्या बांधावर नेपतीचं एक झुडूप. पानं नावाला, बाकी काड्या आणि काटे. गेले तीन आठवडे चौथीतली अंजना शाळा सुटली की मला, निवृत्त मास्तराला, तिथं ओढत न्यायची. वाळवंटातही तग धरणारं एक पांढरं फुलपाखरू तिथं पिवळी अंडी घालून गेलं होतं. बाहेर पडलेल्या साठ अळ्यांनी आधी आपापलं टरफल खाल्लं, त्याचं अंजनाला फार हसू आलं. मग त्यांनी चार वेळा कात टाकली. आता कोष व्हायचे होते. दिवाळी उरकली होती. सोमवारी तिचे आईबाप ऊसतोडीला निघणार, तीही बरोबर. त्याआधी तिला कोष बघायचाच होता.

शनिवारी ती पळत आली. मोहनराव पाठीवर पंप लावून नेपतीवर औषध मारत होते. मी पोचलो तोवर अर्धं झुडूप भिजलं होतं. खाली मातीत अळ्या वळवळत होत्या, कोरड्या बाजूला चारदोनच उरल्या होत्या.

माझं डोकं फिरलं. या माणसाला मी चौथीत शिकवलंय. नेपतीवरच्या अळ्यांनी तुझं काय खाल्लं, असं मी आवाज चढवूनच विचारलं.

"अळी ती अळी, गुरुजी. आज नेपतीवर, उद्या माज्या कापसावर. तुमीच फळ्यावर लिवलं व्हतं, अळी पिकाची दुश्मन. पाठ केलतं मी."

लिहिलं होतं खरं. वर्षानुवर्षं लिहिलं.

"मग चुकीचं शिकवलं मी. पंप बंद कर आधी."

अंजनानं कोरड्या बाजूची एक अळी काडीवर घेऊन कापसाच्या पानावर ठेवली. अळीनं पान चाचपलं, कडेपर्यंत गेली, परत फिरली. आम्ही तिघं बसून बघत राहिलो. अर्ध्या तासात पानाला एक भोक पडलं नाही. नेपतीच्या कोंबावर ठेवताच ती कुरतडायला लागली.

मोहनरावांनी पंप उतरवला. हे तवाच का नाही सांगितलं, म्हणाले. मला त्यांचा राग आला.

सोमवारी कोरड्या बाजूच्या एका काडीला तीन कोष चिकटलेले दिसले. कोषाला खायला लागत नाही, हे अंजनाला ठाऊक होतं. तिनं काडीच मागितली. मोहनरावांनी ती विळ्यानं अलगद कापून दिली. ती घेऊन अंजना ऊसतोडीच्या ट्रॅक्टरमध्ये चढली, ट्रॅक्टर हलला.

"झालं की पोरीचं काम," मोहनराव म्हणाले.

झालं कसलं? साठ अळ्यांतल्या तीन वाचल्या. त्याही ती पोर पळत आली म्हणून.