मंजूर, पण बंद

मित्रांनो, मी एक जुने ॲप आहे आणि पुरते वैतागलेले आहे. वय विचारू नका. आमच्यात बाळसे उतरायच्या आत म्हातारपण येते.

शिंप्याच्या दुकानावरच्या माडीवर एका ताईने मला घडवले. खाली शिलाई यंत्र खडखडायचे, वर ताई माझ्या चुका काढायची. माझे काम साधे. कोणती रुग्णवाहिका कुठे आहे, कोणाकडे निघाली, कोणती मोकळी आहे, हे मी कार्यालयातल्या चॅटच्या पडद्यावर सगळ्यांना एकाच वेळी दाखवते. खाजगी दवाखान्यांत माझे फार कौतुक झाले.

तिथेच मला मावशींनी पाहिले. त्या सरकारी रुग्णवाहिकांच्या नियंत्रण कक्षाच्या प्रमुख. त्यांच्याकडे एका खोलीत फोन घेत, दुसऱ्या खोलीतून गाड्या सोडत, आणि मधल्या झरोक्यातून ओरडून निरोप देत. एकदा एकाच दारात दोन गाड्या पोचल्या आणि दुसऱ्या दारात एकही नाही. तिथल्या आजोबांना शेजाऱ्याने आपल्या गाडीतून नेले, म्हणून ते वाचले. मावशी म्हणाल्या, "दर वेळी शेजारी घरी असेलच असं नाही. मला हे ॲप हवंय."

पण सरकारचा क्लाउड वेगळा असतो. क्लाउड म्हणजे दूर कुठेतरी ठेवलेले संगणक. सरकारचे संगणक कुलपात असतात. बाहेरच्या कंपनीचे ॲप तपासल्याशिवाय आत जात नाही. यात गैर काही नाही. रुग्णांचे पत्ते कोणाच्याही हाती पडू नयेत.

तपासनिसांनी माझी एक खोड पकडली. उघडताना मी गाडीचे चित्र ताईच्या संगणकावरून मागवत असे.

"अहो, नुसतं चित्र आहे ते!" ताई म्हणाली.

"आज चित्र. उद्या काय, कोणी सांगावं? आत आलेल्यानं बाहेर डोकवायचं नाही."

त्यांचे बरोबर होते. ताईने चित्र माझ्या पोटातच ठेवले.

"बदल केलात ना? मग हे नवीन ॲप झालं. पुन्हा पहिल्यापासून."

पुन्हा तीच तपासणी, तेच प्रश्न. अखेर मी मंजूर झाले. ताईने खालच्या शिंपीकाकांनाही चहा पाजला.

मावशींनी मला उघडायला बोट लावले. माझे नाव करड्या अक्षरांत दिसत होते आणि मी ढिम्म. कारण या क्लाउडमध्ये बाहेरचे ॲप मंजूर झाले तरी बंदच असते. कोणीतरी ते चालू करावे लागते.

"मंजूर करणं माझं काम. चालू करणं नाही," तपासनीस म्हणाले.

"वरून आदेश येऊ दे," संगणक विभागाचे साहेब म्हणाले.

"मंजूर केलंय की! आता आणखी कसला आदेश?" वरचे म्हणाले.

मित्रांनो, मी आत, काम समोर, आणि माझे हातपाय बांधलेले! झरोक्यातून पुन्हा ओरडा सुरू. एक चालक परत येऊन म्हणाला, "मावशी, तिथं आपलीच गाडी आधी उभी. आता काय, शर्यत लावू?"

मावशी उठल्या, साहेबांना घेऊन आल्या आणि झरोक्यापाशी बसवले. "साहेब, ऐकायचं आणि पलीकडे ओरडायचं. आदेश येईपर्यंत."

साहेब हसत बसले. मग फोन घेणाऱ्या दोघीजणी एकदम ओरडल्या. साहेबांनी एकीचा निरोप पलीकडे दिला, दुसरीचा राहिला. थोड्या वेळाने फोनवर एका बाईचा आवाज आला. "माझ्या लेकीला श्वास घेता येत नाहीये. गाडी निघाली का हो?"

खोलीत कोणालाच सांगता येईना. सगळ्यांनी साहेबांकडे पाहिले.

"मावशी, गाडी सोडा आधी," साहेब म्हणाले आणि संगणकावर बसले. आदेश आलेला नव्हता. त्यांनी मला चालू केले.

मी जागे झाले. राहिलेली गाडी निघताना सगळ्यांना दिसली. "निघाली हो. पुलावर आलीय. फोन ठेवू नका," फोन घेणारी मुलगी म्हणाली. लेकीला वेळेत प्राणवायू मिळाला.

त्यानंतर ताईने माझ्यात एक लहानशी सुधारणा केली. ती सुधारणा अजून दाराबाहेर तपासणीच्या रांगेत उभी आहे.

मित्रांनो, मोठे होऊन तुमच्यापैकी कोणी तपासनीस व्हाल, कोणी साहेब. कुलूप जरूर लावा. मला उलटेपालटे करून तपासा, मी कुरकुरणार नाही. फक्त 'मंजूर' लिहून घरी जाऊ नका. दोन पावले चालून त्या खोलीत जा आणि मी चालू आहे का, ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा.